कोपऱ्यातली मोकळी जागा

गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानाचा नकाशा मी स्वतः काढला होता, त्यामुळे त्यातल्या चुकीचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही. एरवी मी ते लगेच फोडते. एकोणीस वर्षांपूर्वी माझी एक मऊ पिवळी साडी कपाटातून गेली. सांगलीच्या नणंदेवर मी जो आळ घेतला, तो काही सोडला नाही. ती राहायला आली की मी तिच्यादेखत कपाटाला कुलूप लावायची. ती हसायची, नवरा गप्प बसायचा.

सातारा आणि सांगलीच्या मधल्या एका गावात मी नगरपालिकेची अभियंता आहे. कबरस्तान पालिकेच्याच मालकीचं. साहेबाच्या काळात इथं छावणी होती, तेव्हाचे कोरीव दगड, वर झिजलेली नावं, भोवती घाणेरीचं रान आणि शेळ्या. कितीतरी वर्षं अर्ज केल्यावर यंदा वारसा जतनाचा निधी मिळाला. मार्चअखेर काम उरकलं नाही तर तो परत जाणार होता. मुख्याधिकारी रोज सकाळी फोन करून मला त्याची आठवण करून द्यायचे.

कलंडलेले दगड सरळ झाले होते. फाटक कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये तयार होऊन पडलं होतं. राहिली होती फक्त फिरायची वाट, सगळ्या आवाराला वळसा घालणारी. मागच्या पडक्या भिंतीजवळच्या कोपऱ्यात एकही कोरलेला दगड नव्हता. नुसते ओबडधोबड धोंडे आणि त्यांवर वाळक्या बाभळीच्या फांद्या. शेळ्या अडवायला कुणी टाकल्या असतील, असं मी धरलं. नकाशात तिथं लिहिलं, मोकळी जागा. वाट तिथूनच वळवली.

गुरुवारी पांढऱ्या फक्कीनं वाटेच्या रेघा मारल्या. सोमवारी सकाळी जेसीबी येणार होता.

शुक्रवारी एकेक माणूस ऑफिसात यायला लागला. आधी बाजारपेठेतला किराणावाला आला, पाणीपट्टीचं निमित्त काढून. जाता जाता म्हणाला, वाट जरा अलीकडून घेतली तर? का म्हणून विचारलं तर म्हणाला, सहज. दुपारी निवृत्त पोस्टमन आले. त्यांचंही तेच, आणि त्यांनाही कारण सांगता येईना. माझं डोकं तापायला लागलं. संध्याकाळी, पूर्वेकडच्या माळावरून येऊन गावाच्या कडेला घर बांधलेला एक मेंढपाळ आला.

"आवं बाई, त्यो कोपरा तेवढा सोडा."

"का?"

"सोडा म्हंतोय."

"तुमची जागा आहे का ती?"

"माजी कसली? पालिकेची हाय."

"मग कारण सांगा. मी कागदावर काय लिहू?"

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, हे सगळे ठरवून येतायत, उद्या तिथं टपऱ्या टाकतील. तसं मी सगळ्या ऑफिससमोर त्याला सुनावलंही. तो खाली मान घालून गेला.

रविवारी जेवताना हे सगळं मी नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगितलं. तो शाळेत मास्तर आहे, अशा गोष्टी आवडीनं ऐकतो. त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धी टाकली.

"जेसीबी किती वाजता?"

"आठला. तुम्हाला कशाला?"

"असंच," म्हणाला आणि हात धुवायला उठला.

सोमवारी मी पोचले तेव्हा जेसीबी सुरू होता आणि त्याच्यापुढं फक्कीच्या रेघेवर माझा नवरा उभा होता, शाळेच्या कपड्यांत. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. भिंतीपलीकडं किराणावाला, पोस्टमन आणि तो मेंढपाळ उभे होते, कुणीच पुढं येत नव्हतं. माझ्या हातातला फोन वाजत होता, मुख्याधिकाऱ्यांचा.

"अहो, बाजूला व्हा. लोक बघतायत."

"इथं खणू नकोस."

"कारण सांगा."

त्याला बोलता येईना. मेंढपाळाला आलं नव्हतं तसंच. त्यानं नुसतं त्या काट्यांकडं पाहिलं.

आमची पहिली मुलगी दोन दिवस जगली होती. मी दवाखान्यात टाके घेऊन पडले होते. आपल्यात इतक्या लहान मुलांना पुरतात. बायकांना नेत नाहीत, आणि परत आलेले पुरुष जागा सांगत नाहीत. ओढ्याकाठी नेलं असेल, असं मी मनाशी धरलं होतं. विचारायचा धीर झाला नाही.

"मशीन बंद कर," मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. मग फोन घेतला. नकाशा चुकलाय, चूक माझी आहे, वाट कबरींच्या मधून घेते आणि मार्चच्या आत पुरी करते, असं सांगितलं. साहेब बराच वेळ बोलले. मी उलट उत्तर दिलं नाही.

भिंतीपाशी जाऊन मेंढपाळाला विचारलं, "तुमचं?"

"दोन," तो म्हणाला. "कारभारणीला ठाव न्हाई अजून."

"आणा त्यांना. मी असेन इथं."

मग मी नवऱ्याला म्हटलं, "दाखवा." तो कडुलिंबाच्या बुंध्यापासून पावलं मोजत गेला आणि एका धोंड्याजवळ थांबला. जागा माझ्या वाटेच्या बरोबर मधोमध होती. मी खाली बसले. फक्की हातानं पुसायला लागले, ती मातीत आणखीच पसरली.

"दवाखान्यातलं कापड फार खरखरीत होतं," तो म्हणाला. "म्हणून घरून तुझी पिवळी साडी मागवली."

कुणाच्या हातून, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी सांगलीला फोन लावला.

"साडी तूच नेली होतीस."

"हो, वहिनी."

"एकोणीस वर्षं ऐकून घेतलंस. एकदा सांगायचं तरी."



"सांगितलं असतं, तर कशाला नेली ते तुम्ही विचारलं असतंत."