खड्ड्याला लागलेला हात

‘तुमच्या हाताला गुण आहे हो,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजून तडकतं. लोणचं टिकलं तर मिठामुळं टिकलं म्हणा, हातावर ढकलू नका. त्या एका कौतुकापायी माझी उमेदीची वर्षं निपाणीजवळच्या सासरी एका खड्ड्याच्या काठावर गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सासरी तंबाखू मोठा. माल वखारीला गेला की खळ्यावर काड्या, देठं आणि चुरा यांचा ढीग उरायचा. त्यात कडुलिंबाचा पाला, वाळलेली मिरचीची झाडं आणि शेण असे थर देऊन ते सगळं परड्यातल्या खड्ड्यात कुजत घालायचं. वरून रोज गोमूत्र आणि पाणी. खड्ड्याचा तळ एका कोपऱ्याकडं उतरता आणि त्या कोपऱ्यात पुरलेलं मडकं. कुजता कुजता जे काळं पाणी झिरपायचं ते मडक्यात जमायचं. ते पातळ करून डहाळीनं मिरचीवर, वांग्यावर शिंपडलं की मावा गळून पडायचा. लढाईचे दिवस होते, दिव्याला रॉकेल मिळेना, तिथं किडीवर विकतचं औषध कोण आणतो?

खड्डा कळतो तो हातानंच. कोपरापर्यंत हात आत घालायचा. ऊन लागला तर तो अजून कुजतोय, गार लागला की पिकला. घाई केली तर त्या पाण्यानं किडीआधी पानंच करपतात. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्तींचं, दरसाल तसंच व्हायचं. मी नवी नवरी असताना गुढीपाडव्याच्या तोंडावर त्यांच्या कंबरेत उसण भरली आणि खड्डा माझ्या गळ्यात आला. मला काय येत होतं डोंबल! मी बेळगावजवळच्या कंग्राळीची, भातशेतीतली पोर. चुऱ्यानं शिंका थांबेनात, गरगरून ओकारी आली. पण त्या साली गावभर मिरच्या मुरडल्या आणि आमच्या हिरव्यागार उभ्या राहिल्या. आमच्या शिवारात वारं वेगळं असेल, पाऊस बेतानं पडला असेल. पण ऐकतंय कोण? आत्तींनी गल्लीभर सांगितलं, “थोरलीचा हात लागला गं बाई खड्ड्याला!”

झालं, अडकले. कारण तिकडं रीतच अशी की खड्डा ज्या हातानं भरला त्याच हातानं पिकवायचा. मध्येच हात मोडला की खड्डा उतरतो, त्याचा गुण जातो म्हणायचे. पाडव्याला भरलेला खड्डा गणपतीपर्यंत चालायचा. दसऱ्याला दुसरा भरायचा, तो हिवाळी वांग्यांसाठी, पार पुढच्या पाडव्यापर्यंत. म्हणजे नागपंचमी एका खड्ड्यात आणि दिवाळी दुसऱ्यात. सासुरवाशिणीला माहेर दिसायचं तेच मुळी या दोन सणांना.

दर पंचमीला माझा थोरला भाऊ, अण्णा, मला न्यायला यायचा. सर्व्हिस मोटारनं निपाणीला उतरायचा आणि लाह्यांचं गठुडं घेऊन चालत गावात शिरायचा. आत्ती त्याला पोटभर जेवायला घालायच्या आणि हात धुताना म्हणायच्या, “खड्डा आडवा आलाय बाबा. औंदा न्हाय जमायचं.” तो मान खाली घालून परड्यात यायचा. मी कोपरापर्यंत माखलेली. आईचे डोळे मंदावत चालले होते, पडदा चढत होता, हे त्यानंच मला सांगितलं. “आई म्हणती, दिसतंय तवर लेकीचं तोंड बघू दे एकदा,” असं म्हणायचा आणि रिकामा परत जायचा. गावातल्या माहेरवाशिणी फेर धरून गात असायच्या. मला तो आवाज नकोसा व्हायचा. आईच्या डोळ्यांपुढं मी पोचेन की आधी तो पडदा पोचेल, एवढा एकच घोर जिवाला लागला होता.

बरं, कौतुक म्हणावं तर वास पाठ सोडेना. राखेनं घासा, चिंचेनं घासा, भाकरीचा घास कडूच. पाणवठ्यावर बायका पदर नाकाला लावायच्या, आणि संध्याकाळी त्याच मडकी घेऊन खड्ड्याचं पाणी मागायला दारात. आमच्या ह्यांनी तर आपली वाकळ उचलून सोप्यात नेली. गुण हाताचा आणि घाण माझी!

एकदा मी जावेला गाठलं. म्हटलं, शिकून घे गं, सोपं आहे. ती माझ्यापेक्षा हुशार. म्हणाली, “नगं आक्का. माझा बी हात लागला तर काय करू?” आणि चुलीपाशी निघून गेली.

वर्षात मोकळे दिवस उरायचे ते गणपती आणि दसऱ्याच्या मधले, पितरपाठाचे, श्राद्धांचे. त्या दिवसांत लेक माहेरी कोण नेतो? पण एका साली अण्णा नेमका तेव्हाच दारात उभा राहिला. आमचे वडील, आप्पा, माझ्या लग्नाआधीच गेलेले. अण्णा आत्तींना म्हणाला, “आप्पांचा म्हाळ हाय. लेकीच्या हातानं पान वाढायचं, म्हणती आई.” जित्या माणसाला आत्ती नाही म्हणू शकत होत्या, मेलेल्याला कशा म्हणणार? चुळबुळ केली आणि म्हणाल्या, “घट बसायच्या आत धाडा म्हंजे झालं.” अण्णा व्हय व्हय म्हणाला आणि मग चाचरत विचारता झाला, “दोन पोती चुरा मिळंल काय? आईनं मागितलाय.” आत्ती फुलल्या. “न्ह्या की! हात तर घरचाच हाय तुमच्या!”

मी मात्र मोटारीत त्या पोत्यांकडं आणि अण्णाकडं पाठ करून बेळगाव येईपर्यंत बसले.

आईनं मला दारातच धरलं, उजेडाकडं वळवलं, दोन्ही तळव्यांत माझं तोंड घेऊन अगदी नाकाजवळ आणलं. “दिसतीस गं,” म्हणाली. “वाळलीस लई. पण दिसतीस.” मी हमसून हमसून रडले. एवढ्यासाठी जीव धरून होते मी. आणि म्हाळ उरकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला परड्यात नेऊन म्हणते काय, “हितं भर खड्डा.” बघते तर अण्णानं खड्डा आधीच खणून ठेवलेला!

माझा तोल सुटला. “तू बी? तिकडं खड्डा आणि हितं बी खड्डा! आगीतनं काढून फुफाट्यात घातलंस व्हय गं मला?” मी म्हटलं, “आणि पितरपाठात काय सुरू करत्यात कुणी?”

“घाणीला कसला आलाय मुहूर्त? भर गुमान.”

परड्यात किडीनं खावं असं होतं तरी काय? एक दोडक्याचा वेल, तोही अर्धा वाळलेला. मी रागारागानं चुरा ओतला, भाताचं पिंजार टाकलं, पाला टाकला, शेण टाकलं. शिंकत होते, रडत होते आणि आईला नाही नाही ते बोलत होते. ती जोत्यावर बसून ऐकत होती.

घट बसायच्या आदल्या दिवशी आमचे हे न्यायला आले. आईनं सांज्याच्या पोळ्या वाढल्या, तूप वाढलं. आणि हात धुवायला पाणी देताना म्हणाली, “पावणं, लेक धाडली असती हो. पण खड्डा भरलाय तिनं.”

ह्यांना कळेना. “कसला खड्डा, मामी?”

“परड्यात हाय की, बघा जावा. आता पिकूस्तवर हात कसा मोडायचा? तुमच्याच घरची रीत. तुमच्या आईला कळलं तर काय म्हणतील?”

हे परड्यात जाऊन आले. खड्डा बघितला, तो वेल बघितला. मग म्हणाले, “आन् दसऱ्याचा खड्डा?”

“एका हाताला दोन खड्डे कसे झेपतील? धाकटीला भरू दे.”

बिचारे टोपी घालून निघाले. मी दाराआड उभी होते. आधी हसू फुटलं आणि मग ते आवरेना. आईच्या गळ्यात पडले, पण तिला टाकून बोलल्याबद्दल काही म्हणायला ती वावच देईना. “पाणी घाल जा खड्ड्याला,” म्हणाली. सुटका झाली म्हणावी तर तीही खड्ड्याच्याच दावणीला बांधून. घरच्या घरी, कोपरापर्यंत माखून, मी त्या वर्षी दसरा खाल्ला, दिवाळी खाल्ली. आई रोज सकाळी मला उजेडात उभी करायची आणि न्याहाळायची. मग न्याहाळता न्याहाळता हातानं चाचपायला लागली.

तुळशीची लग्नं झाली आणि निपाणीहून निरोप आला, खड्डा पिकला का विचारा. निरोप्याला अण्णानं सोप्यात बसवलं. मी खड्ड्यापाशी गेले, हात घातला. भिंतीला धरत धरत आई आली, माझ्याशेजारी बसली, बांगड्या वर सारल्या आणि तिनंही आपला हात आत घातला. त्या घाणीत तिची बोटं माझ्या बोटांना लागली. आतून खड्डा विहिरीच्या पाण्यासारखा गार पडला होता.

“ऊन हाय गं अजून,” आई म्हणाली.

“व्हय,” मी म्हणाले, “लई ऊन हाय.”