यीस्टच्या दारातली पंगत

लहानपणी गुऱ्हाळावर पाणी घातलेल्या काकवीच्या बरणीचं बूच 'फट्ट' करून उडालं होतं. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा वाटलं, भूत! आता कळतं, ते साखर खाऊन गॅस सोडणारं यीस्ट होतं.

इंदुरीजवळच्या एका लॅबमध्ये मी काचेची भांडी धुतो. भांडी रोज स्वच्छ होतात, किस्से मात्र साचत जातात.

*

उसाच्या चिपाडातून दोन साखरा निघतात, ग्लुकोज आणि झायलोज. आमच्या नसीम मॅडमना यीस्टकडून दोन्हींचं एकदम इंधन करून घ्यायचं होतं. पण यीस्टच्या दारातून आधी ग्लुकोज आत जातं, झायलोज बाहेर ताटकळतं.

मी म्हटलं, "मॅडम, ही तर लग्नाची पंगत. वरपक्ष उठल्याबिगर घरच्यांना पान न्हाई!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ग्लुकोजच्या जागी 'वरपक्ष' लिहिलेलं होतं!

*

पुण्याचे मोठे सर पाहणीला आले. "दोन्ही साखरा एकदम? जमणार नाही. दिवाळीपर्यंत बघू, मग प्रोजेक्ट बंद."

मॅडम "हो सर" म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला.

*

ग्लुकोजच्या गर्दीतही झायलोज आत घेईल तेच यीस्ट वाढेल, अशा खुराकाच्या काचेच्या प्लेटा मॅडमनी केल्या. महिनाभर काहीच वाढलं नाही.

"टाकून द्या, आबा."

टाकण्याआधी मी प्रत्येक प्लेट उजेडात धरतो. एकीत मोहरीएवढा ठिपका!

"मॅडम, हे जित्तं हाय. टाकवत न्हाई."

"बाहेरची बुरशी असेल, आबा."

"मग बुरशी म्हणून टाका. पर बघून टाका."

बघितलं. यीस्टच! दाराची ठेवण एवढीशी बदललेली.

*

ते यीस्ट मोठ्या टाकीत गेलं आणि दसरा आला. आमचा टेक्निशियन दिलीप पवनानगरचा. त्यानं टाकीला झेंडूचा हार इतका आवळून बांधला की गॅसची नळीच दबली. अलार्म बोंबलायला लागला!

मॅडम धावत आल्या. "दिलीप, पूजा करा, पण तिला श्वास तरी घेऊ द्या!"

थोडक्यात वाचलं.

*

त्याच आठवड्यात सर आले. पडद्यावर दोन्ही साखरांच्या रेघा बरोबरीनं शून्यापर्यंत उतरल्या होत्या. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः नमुना काढला, स्वतः मशीनमध्ये घातला, खुर्ची ओढून समोर बसले.

कागद बाहेर आला. दोन्ही साखरा संपलेल्या!

दिलीप कुजबुजला, "आबा, टाळ्या वाजवू?"

"थांब. सर वाचत्यात."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मॅडम टाकीला टेकून उभ्या होत्या. सरांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि जाता जाता मॅडमना म्हणाले, "दिवाळीनंतरचा खर्च लिहून पाठवा."