पाणी दारातून आलंच नाही

मंडळी, सासऱ्यांना घेऊन दौंडहून आत्ताच यवतला भावाकडे पोचलेय. त्याच्याच कॉम्प्युटरवरून लिहितेय.

धरणातून पाणी सोडल्याचं दुपारी रिक्षावर स्पीकर लावून सांगत गेले. भीमा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण आप्पा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून उठेनात.

"म्या बांधलेलं घर हाय. पायरीला पाणी लागू दे, मग निघू."

आम्ही दोघं पायरीकडं बघत बसलो. ती कोरडीच होती.

मग आतून कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज आला. घरात तर कुणीच नव्हतं.

आमचं स्वयंपाकघर मागच्या सखल बाजूला आहे. तिथं मोरीच्या जाळीतून गढूळ पाणी वर येत होतं, अगदी शांतपणे. घोट्याएवढं साचलं होतं. पोळपाट तरंगत माझ्याकडं येत होता.

"आप्पा, नदी घरात आलीया!"

ते आत आले, बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "चल."

आता इथं चहा पिऊन म्हणतायत, "पाणी उतरलं की धुऊन काढू. परत न्हाई यायचं ते."

तुमच्यापैकी कुणी पुरानंतर त्याच घरात राहायला गेलंय का? तिथं झोप लागते?