कानाशी हलवलेला फ्लोट

नारळ घेताना मी तो कानाशी हलवते, आणि दर वेळी मला पेट्रोलचा वास येतो.

साठच्या दशकात आमचे हे बेंगळुरूला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. घरच्या जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर मात्र तीन रविवार गळत होता. वायसर बदलून झाले, आकृत्या काढून झाल्या. कंटाळून मी त्यातला पेट्रोलवर तरंगत त्याची वाट बंद करणारा पितळी फ्लोट उचलला आणि सवयीने कानाशी हलवला.

"अहो, हा रिकामा असतो ना? मग आत काय डुचमळतंय?"

फ्लोटला बारीक भोक सापडलं, डाख लावला, गळती थांबली. शेजारच्या अक्कांना हे ऐटीत म्हणाले, "ध्वनिपरीक्षा केली."

पुढे बाजारात नारळही हेच हलवून घेऊ लागले. निम्मे खवट निघायचे. आता मी एकटीच घेते; सगळे चांगले निघतात, आणि करमत नाही.