हरवलं तर हलायचं नाही

सिंगापूरला जायचं हे आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या मुलीने ठरवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमच्या वरच्या क्वार्टरमधलं कुटुंब तिकडे फिरून आलं होतं आणि त्यांच्या मोबाइलवर तिने एक बस पाहिली होती. दुमजली, आणि वरच्या मजल्याला छतच नाही.

"अन् पाणी आलं तर?" मी विचारलं.

"तो भीगेंगे," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझे मिस्टर रेल्वेत आहेत, भिलाई-तीनच्या यार्डाला. मालगाडी चालवतात. इतकी वर्षं कोळसा आणि लोखंड इकडून तिकडे वाहिलं, पण स्वतःच्या लेकरांना घेऊन ते कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी लगेच मान डोलावली. मी पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात क्लर्क आहे, दिवाळीनंतर मला सुट्टी मिळण्यासारखी होती. सासूबाईंनी तर विमानात स्वेटर लागतो का, तेही विचारून घेतलं. त्या स्वतः येणार नव्हत्या, पण नातवंडं थंडीत कुडकुडू नयेत. सगळे तयार होते. अडून बसले होते ती मी.

कारण आमचा धाकटा बोलत नव्हता.

त्याला चार पूर्ण झाली होती. कान तपासून झाले होते, ते चांगले होते. समजत तर त्याला सगळंच होतं. सासूबाई त्याच्याशी आपल्या भंडाऱ्याकडच्या मराठीत बोलायच्या, बहीण शाळेतून हिंदी घेऊन यायची, कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता छत्तीसगढीत त्याला गोष्टी सांगायच्या. तो तिघींचंही मन लावून ऐकायचा आणि शेवटी हसायचा. आई, पानी, गाय, नको, असे थोडेसे शब्द होते. एकाला दुसरा जोडून वाक्य मात्र होत नव्हतं. ज्या ताईंकडे आम्ही त्याला स्पीच थेरपीला न्यायचो, त्या म्हणायच्या, "घाई नका करू. तो गोळा करतोय." मी मान हलवून परत यायची, आणि येताना स्कूटरवर दर वेळी मला वाटायचं, किती गोळा करणार बाबा?

त्याची बोली म्हणजे त्याची बहीण. तो नुसता तिच्या कोपराला हात लावायचा आणि ती सांगायची, "इसको केला होना." किंवा, "चप्पल टोचून राहिली त्याले." तिचं कधी चुकायचं नाही. पाहुणे त्याला नाव विचारायचे, नाव ती सांगायची.

अशा पोराला घेऊन परक्या देशातल्या एवढ्या मोठ्या शहरात जायचं, हे मला पटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या मैत्रिणी मला तिथल्या बागांचे व्हिडिओ दाखवायच्या. मला त्यात बागा दिसायच्या नाहीत, माणसंच दिसायची. भुयारी स्टेशनं, सरकते जिने, चारी बाजूंनी चाललेले लोक. त्यातल्या एखाद्या जिन्यावर याचा हात सुटला तर? कोणी विचारलं, कोण तू, कुठला, तर हा काय सांगणार? हसेल.

एका सकाळी मी सांगूनच टाकलं, "तो बोलायले लागला का जाऊ. तवापर्यंत राहू द्या."

मिस्टर ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते, बुटांना पॉलिश करत होते. ब्रश थांबवून म्हणाले, "अन् नाहीच लागला तर? घरातच ठेवशीन त्याले?"

रागाने नव्हते म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

सासूबाई बाहेरच्या खोलीत सकाळची वंदना आटोपून उठत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. मेणबत्ती विझवून त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मी लग्न होऊन भिलाईले आली तवा मलेई कुठं हिंदी येत होती? शेजारीण तेलुगू, पलीकडची बंगाली. दुकानात जाऊन बोटानं दाखवो. गूळ पायजे त गुळावर बोट. कोणी मले वापस नाही धाडलं."

मी डबा भरून निघाले. पण त्या दिवशी ऑफिसात मला त्या कोवळ्या वयातल्या, गुळावर बोट ठेवणाऱ्या सासूबाई सारख्या दिसत राहिल्या.

मुलीला मात्र आमची चर्चा ऐकून एवढंच कळलं होतं की आपलं जाणं भावामुळे अडलंय, आणि अडलंय ते तो हरवेल म्हणून. मग तिने तेवढंच हातात घेतलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर क्वार्टरपुढच्या मोकळ्या जागेत दोघांचा खेळ चालला होता. ती त्याला समोर उभा करून मास्तरणीसारखी सांगत होती, "हरवलं तर हलायचं नाही. कोई बुलाए तो भी नहीं. तू जागेवरच. मी येतो तुले घ्यायले." मग ती स्कूटरच्या शेडमागे जाऊन लपायची. हा हात अंगाला चिकटवून, मान ताठ करून उभा. ती खूप वेळ यायचीच नाही. एकदा शेजाऱ्यांचा कुत्रा येऊन त्याचे पाय हुंगून गेला, तरी पठ्ठ्या हलला नाही. नुसते डोळे खाली करून कुत्र्याकडे पाहिलं. ती धावत आली की तो असा काही हसायचा की बघणाऱ्याला वाटावं, वर्षानंतर भेट झाली.

मला वाटलं, खेळ आहे, दोन दिवसांनी विसरतील. ते विसरले नाहीत. रोज संध्याकाळी तेच.

मग थंडीतला एक रविवार आला. आम्ही चौघं बागेत गेलो होतो. टाऊनशिपची मोठी बाग, जिथे पांढरा वाघ आहे आणि पोरांची छोटी रेल्वे चालते. गर्दी खूप होती. रायपूर-राजनांदगावकडच्या गाड्या भरून माणसं आली होती, गवतावर डबे उघडून बसली होती. मिस्टर छोट्या रेल्वेच्या तिकिटाला गेले. मला वाटलं धाकटा त्यांच्या बोटाला आहे. त्यांना वाटलं, तो माझ्याजवळ. ते तिकीट घेऊन एकटेच आले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

नाव घेऊन ओरडायला मी तोंड उघडलं, आणि उघडताच लक्षात आलं, याला ओ देता येत नाही.

मिस्टर गेटकडे पळाले. मी कुठे जाऊ, कळेना. समोरून बायका येत होत्या, त्यांना मी विचारत होते, निळा स्वेटर, एवढा एवढा पोरगा. कोणी नाही म्हणायचं, कोणी तिकडे बोट दाखवायचं. माझ्या डोक्यात बागेतलं तळं, तळ्यातली बोट, बाहेरचा रस्ता, सगळं एकदमच फिरत होतं. तेवढ्यात मुलीने माझी ओढणी ओढली.

"आई, पीछे चल. जहाँ छूटा, वहीं होगा."

"अगं, तो कशाले थांबते तिथं?"

"वो हिलेगा नहीं," ती म्हणाली. ती मला ओढत होती आणि मी तिच्यामागे चालत होते. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने उलटं. आइस्क्रीमची गाडी, माकडांचा पिंजरा, मग हरणांचं कुंपण.

कुंपणापाशी तो उभा होता. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ. बाजूला शेंगदाणे विकणारी एक म्हातारी बाई टोपली खाली ठेवून त्याच्या जोडीला थांबली होती. मला पाहताच म्हणाली, "कतका कहेंव, चल बाबू, तोर दाई ला खोजबो. फेर ये तो हालबेच नइ करिस."

चल, तुझी आई शोधू, असं तिने कितीदा म्हटलं, तरी हा जागचा हलला नव्हता. मी गुडघ्यांवर बसले आणि त्याला जवळ ओढलं. तो रडत नव्हता. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझे केस सुटले होते, चेहरा घामाने आणि डोळ्यांच्या पाण्याने भिजला होता. त्याने आपला छोटा हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाला,

"आई, तू हरवली होती."

मी आधी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण कोणीतरी दुसरं बोललं असं वाटलं. मुलगीच ओरडली, "आई! वो बोला! पूरा बोला!" शेंगदाणेवाली आमच्याकडे बघत होती, लेकरू बोललं तर यात एवढं काय, तिला कळेना. मी हसत होते की रडत होते, मलाही सांगता आलं नसतं. गेटकडून मिस्टर धापा टाकत आले, त्यांना मुलीने सगळं सांगितलं. ते त्याच्यासमोर वाकून म्हणाले, "काय म्हटलं रे? फिरून सांग ना बाप्पा." तो हसला. बस, नुसता हसला.

त्यानंतर कितीतरी दिवस तो दुसरं वाक्य बोलला नाही. थेरपीच्या ताई म्हणाल्या, असंच असतं, येईल हळूहळू. आणि हळूहळूच आलं. पण त्या रविवारी घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता मीच मिस्टरांना म्हटलं, "तिकिटाचं पहा आता."

बेत मात्र बदलला. आधी आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहर पिंजून काढायचं ठरवलं होतं. आता ठरलं की दिवसाला एकच ठिकाण, दुपारी सगळ्यांनी खोलीत झोपायचं, आणि हॉटेल असं बघायचं की खाली उतरलं की झाडं असावीत. धाकट्याला काय बघायचंय, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मिस्टरांनी त्याला मांडीवर घेऊन मोबाइलवर चित्रं दाखवली. पाणी ओकणारा सिंह, दिव्यांची झाडं, मासे. तो पाहत राहिला आणि शेवटी ज्या चित्रावर त्याने बोट ठेवलं ते होतं मेट्रोचं. पुढच्या काचेला मुलं नाक लावून उभी, कारण तिथल्या काही गाड्यांना ड्रायव्हरच नसतो.

"बिना ड्रायव्हरची?" मिस्टर म्हणाले. "बापाच्या पोटावर पाय देऊन राहिला का बे?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आम्ही जाऊन आलो. ऑफिसात सगळे विचारतात, काय काय पाहिलं. खरं सांगायचं तर थोडंच पाहिलं. धाकट्याला हॉटेलच्या लिफ्टने वर-खाली जाणं सगळ्यात आवडलं, आणि त्यात आमची एक पूर्ण सकाळ गेली.

पण मला आठवतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका खाऊगल्लीत भात घेऊन बसलो होतो. बापलेक पाणी आणायला गेले होते. मुलगी माझ्या बाजूला सरकली आणि हळूच म्हणाली, "आई, मले भरव ना." मी पाहत राहिले. भाऊ झाल्यापासून तिने असं कधी मागितलं नव्हतं. तिच्याकडे वेळच कुठे होता? सारखं दोघांचं बोलायचं, दोघांचं ऐकायचं. भाताचा छोटा घास करून मी तिच्या तोंडात दिला. आजूबाजूला परकी माणसं आपापल्या ताटात डोकं घालून जेवत होती. ती पाय हलवत, डोळे मिटून सावकाश चावत होती, आणि एक घास संपला की तोंड उघडून पुढच्याची वाट पाहत होती.