दोनदा पुरलेलं बोट

अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. शिवाय पेन आता अंगठा आणि मधल्या बोटात धरावं लागतं, आणि त्या बोटाच्या टोकाला पेन कळत नाही. हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, काहीही लिहा. चारचौघांत मला बोलता येत नाही. जे बोलले नाही ते लिहिते.

पाचोडजवळ आमच्या वस्तीवर कडबा कापायचं विजेचं मशीन आहे. त्या सकाळी मी मक्याची ताटं आत सारत होते. एक ताट अडकलं, ते हातानं ढकललं. दुखलं नाही. आधी मशीनचा आवाज बदलला, मग बारीक कापून पडणारी कुट्टी लाल झाली. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तुटून पडलं होतं आणि मधलं कातडीला लोंबत होतं. नवऱ्यानं हाताला टॉवेल गुंडाळला आणि शेजाऱ्याच्या जीपमधून मला शहरात आणलं.

आम्ही गेल्यावर सासूबाईंनी कुट्टी चाळून बोट शोधलं. आमच्याकडं बाळाची नाळ पुरतात. माणसाच्या अंगाचं काही उघड्यावर टाकत नाहीत. त्यांनी बोट धुतलं, हळद लावली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून शेवग्याखाली पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला आणि नवऱ्याला वाटेतच फोन करून तसं सांगितलं. हे सगळं त्यांनी मायेनं केलं, ते मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी टॉवेल सोडला आणि नवऱ्याला विचारलं, "दुसरं बोट कुठंय?"

"पुरलं."

"पुरलं म्हणजे?"

"आईनं पुरलं साहेब. माणसाचं अंग हाय, कुत्र्यानं नेलं म्हंजे?"

डॉक्टरांनी तुटल्या जागची जखम पाहिली. मग म्हणाले, "तेच तर सरळ कापलं गेलंय. सोबत आणलं असतं तर जोडून बघता आलं असतं. हे मधलं चेंगरलंय, हेच अवघड आहे. घरी फोन लावा."

सासऱ्यांनी बोट उकरलं आणि दुधाच्या किटलीत बर्फात घालून मोटारसायकलवर आणलं. तोवर मला आत घेतलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा नवरा म्हणाला, "नाय जमलं. माती गेली व्हती. बर्फाला टेकून बी खराब झालं, मामा परत घेऊन गेले." मामा म्हणजे सासरे, मी त्यांना तसंच म्हणते म्हणून तोही माझ्याशी तसंच म्हणाला. सासूबाईंनी त्याच खड्ड्यात ते पुन्हा पुरलं.

मधलं बोट मात्र जोडलं गेलं. मोठ्या दुर्बिणीखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं रक्ताच्या नळ्या शिवल्या होत्या. सिस्टर सारख्या येऊन बोट दाबून रंग बघायच्या. बोट काळं पडलं नाही, पण त्यात जीव नव्हता. स्पर्शाच्या नसेचा मधला तुकडाच गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता पोकळ नळी मिळते, ती दोन टोकांच्या मधे बसवली की नस तिच्यातून वाढत जाते. नाही बसवली तर बोट लाकडासारखं राहील. भाजेल, चिघळेल, मग कापावं लागेल.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, नळीचा खर्च बसला नाही. ते पैसे शहराजवळच्या पडेगावच्या माझ्या थोरल्या बहिणीनं दिले. तिनं ते घराच्या स्लॅबसाठी साठवले होते. मी व्यायामासाठी तिच्याकडंच राहिले. भावजी जेवताना वरच्या पत्र्याकडं बघून म्हणायचे, "आमचा स्लॅब मेव्हणीच्या बोटात पडला. आता पावसाळ्यात तिच्या बोटाखालीच बसू."

"गप जेवा," बहीण म्हणायची. मी खाली मान घालून डाव्या हातानं जेवायचे.

नस महिन्याला साधारण एका पेराएवढी वाढते म्हणे. व्यायामाच्या बाई माझे डोळे मिटवून बोटावर कापूस फिरवायच्या आणि विचारायच्या, लागतंय का? कितीतरी महिने काहीच लागलं नाही. एकदा मी भाकरी उलटत होते, बहीण बाहेरून ओरडली, "काय करपतंय गं?"

"भाकर आसंल."

ती आत आली आणि तिनं माझा हात तव्यावरून ओढला. "भाकर कुठली? बोट हाय तुजं!"

मला वासही भाकरीचाच वाटला होता. जखम हाडापर्यंत गेली नव्हती म्हणून बोट वाचलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी वाचवू शकणार नाही. त्यानंतर बहिणीनं मला तव्याजवळ जाऊ दिलं नाही.

मग बोटात मुंग्या आल्या, करंट बसल्यासारख्या कळा आल्या. मी रडले तर बाई हसल्या, म्हणाल्या, दुखतंय ना, चांगलं आहे. शेवटच्या सांध्यापर्यंत कापूस कळू लागला. शेवटचं पेर राहिलं, ते राहिलंच. आता पुढं येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सासूबाई दवाखान्यात एकदाही आल्या नाहीत. नवऱ्याकडून निरोप आला होता, बोट मी पुरलं, पैसे मी फेडीन. एवढ्या वयात त्या दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायच्या आणि जमेल तसे पैसे बहिणीला पाठवायच्या. मी घरी परतल्यावरही आमच्यात त्या बोटाचं नाव निघालं नाही. दगड अजून शेवग्याखाली आहे. त्या त्याच्या कडेनं झाडतात.

यंदा वेचणी संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल पडेगावला." बहिणीच्या घरात त्या खाली बसल्या, चहाला हात लावला नाही, आधी पैसे म्हणाल्या. कमरेची पिशवी सोडून राहिलेल्या पैशांच्या नोटा माझ्यापुढं ठेवल्या.

"तू मोज."

"आत्याबाई, मला नाय मोजता येत नीट."

"त्याच बोटानं मोज."

नोट सुटी झाली की नाही ते टोकाला कळेना. बघून बघून मोजल्या. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. सासूबाईंनी माझं बोट धरलं आणि शेवटच्या पेरावर जोरात चिमटा काढला.

"लागतंय का?"

"नाय."

त्यांनी बोट सोडलं आणि गार झालेला चहा उचलला. बहिणीनं नोटा डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "फिटले सगळे."