गालाखालचा हिरवा

इटलीतल्या एका संग्रहालयात, लाकडी फळीवर रंगवलेल्या येशूच्या आईच्या, मेरीच्या सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रासमोर उभी राहिले आणि चित्रकलेच्या आमच्या जोशीबाई आठवल्या. अंड्याच्या बलकात रंग कालवायला त्यांनीच शिकवलं. वर्गभर कच्च्या अंड्यांचा वास सुटायचा. "चेहऱ्याला आधी हिरवा हात द्या, मग गुलाबी," त्या सांगायच्या आणि आम्ही हसायचो. असलं खरं चित्र बाईंनी कधीच पाहिलं नव्हतं. सगळं पुस्तकात वाचलेलं. आता तर त्यांना दिसतही नाही.

बाहेर येऊन मी फोन लावला. "बाई, मेरीच्या गालांवरचा गुलाबी रंग उडालाय. खालचा हिरवा स्पष्ट दिसतोय."

 बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी तुम्हाला खोटं नाही गं शिकवलं."